पाठमोरी

गणित शिकवणाऱ्याला वर्गाकडे पाठ करावी लागते. मराठीवाले, इतिहासवाले टेबलाला टेकून, मुलांच्या तोंडाकडे बघत तास काढू शकतात. आम्हाला फळा लागतो. एम.एस्सी. करताना, सेट पास होताना, मुलाखतीत चार अनोळखी माणसांसमोर बसताना ही गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. अंबडच्या कॉलेजात पहिल्याच तासाला ती कळली.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग. खोली लांबट, शेवटच्या बाकांवर बसलेल्यांचे चेहरे अंधुक दिसायचे. मी माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, या सत्रात काय काय शिकायचं ते सांगितलं आणि फळ्याकडे वळून पहिली व्याख्या लिहायला घेतली. अर्धी ओळ झाली असेल, मागून आवाज आला.

"बेंऽऽऽ."

कुणीतरी खुसखुसलं. मग शांत. मी थांबले नाही. लिहीतच राहिले. व्याख्या संपली, उदाहरण लिहिलं, दुसरं लिहिलं. फळा भरला तेव्हा खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायला लागले, कारण लिहिणं संपलं की वळावं लागणार होतं. मानेपासून कमरेपर्यंत पाठ अशी ताठली होती की ती माझी नाहीच असं वाटत होतं.

आम्ही धनगर. माझं आडनाव सांगितलं की आमच्या भागातल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. वडील तरुणपणी मेंढरांमागे फिरले. आता वाटूरजवळच्या आमच्या गावात थोडी जमीन करतात आणि दुसऱ्यांच्या मोसंबीच्या बागेला पाणी द्यायला जातात. गावच्या शाळेत मी सातवीला असेपर्यंत पोरं माझ्यामागे हाच आवाज काढायची. पोरी नाकाला ओढणी लावायच्या आणि म्हणायच्या, लोकरीचा वास येतो. मी शिकले त्यामागे बऱ्याच गोष्टी असतील, पण एक ही होती की जिथे हा आवाज पोचणार नाही इतकं लांब आणि इतकं वर जायचं. आणि मी प्राध्यापक झाले, प्लॅटफॉर्मवर उभी राहिले, तर आवाज माझ्याआधीच तिथे येऊन बसलेला.

तो रोज यायचा. कधी एकदा, कधी तीनदा. मी वळले की सगळ्यांची तोंडं वहीत. कुणी काढला ते कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची माझी छाती नव्हती. कळलं तर काहीतरी करावं लागेल, आणि काय करायचं ते मला माहीत नव्हतं. ओरडले आणि सगळे हसले तर? प्राचार्यांकडे गेले आणि ते म्हणाले, "वर्ग सांभाळता येत नाही का तुम्हाला?" तर?

मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे वर्ष संपलं की आपणही संपलो. पुढच्या जूनला परत मुलाखत, परत तेच प्रश्न, आणि बोलावतील की नाही ते बोलावेपर्यंत ठाऊक नाही. मुलांची एक तक्रार पुरेशी असते. त्यामुळे मी घाबरायची त्याची यादीच मोठी होती. मुलांना घाबरायची, प्राचार्यांना घाबरायची, स्टाफरूममध्ये कुणी "कसं चाललंय मॅडम?" असं सहज विचारलं तरी घाबरायची. कॉलेजचं मोठं फाटक सोडून मी मागच्या बाजूने, सायकल स्टँडकडून आत जायला लागले. डबा बऱ्याचदा तसाच परत यायचा.

आई फोनवर विचारायची, "पोरं ऐकतेत का गं तुझं?"

"ऐकतेत की."

"बापानं अख्ख्या गावाला सांगून ठिवलंय, आमची पोरगी प्रोफेसर झाली म्हणून. नीट राह्य."

मी म्हणायचे, "नीट हाये मी."

मग मी एक युक्ती काढली. फळ्याकडे वळायचंच नाही. खुर्चीत बसून मुलांकडे तोंड करून वहीतलं वाचून दाखवायचं आणि त्यांनी उतरवून घ्यायचं. आवाज थांबला. पण गणित कुणी असं शिकवतं का? कंसात कंस, वर घात, खाली छेद, हे तोंडी सांगायचं म्हणजे आंधळ्याला रस्ता सांगितल्यासारखं. पुढच्या बाकावरच्या चांगल्या मुलांनी काही दिवस सहन केलं, मग त्यांनीच तक्रार केली.

प्राचार्यांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले.

"गणित डिक्टेट करता म्हणे तुम्ही?"

मी मान हलवली.

"हे बघा, नवीन माणसाला एक मेंटॉर द्यायचा असं आता वरून आलेलंच आहे. तुमच्या विभागप्रमुखांना सांगतो. ते तुमच्या तासाला बसतील."

मला वाटलं, झालं. आता संपलं.

विभागप्रमुख म्हणजे निवृत्तीला आलेले आमचे सर. उंच, वाळलेले, कायम पांढरा शर्ट, हातात स्वतःचं डस्टर. ते व्हरांड्यातून निघाले की मोटारसायकलीवर बसलेली पोरं खाली उतरायची. त्यांच्या तासाला म्हणे पंख्याचा आवाज सोडला तर काही ऐकू यायचं नाही. स्टाफरूममध्ये ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे आणि त्यांच्याशेजारची खुर्ची रिकामी असायची. मी तिथे रुजू झाल्यापासून ते माझ्याशी एवढंच बोलले होते, "हजेरीपट कपाटात ठेवत जा, टेबलावर न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले होते. मी आत गेले, फळ्यावर लिहायला लागले. पाठ ताठच होती. पण आवाज आला नाही. येणार कसा? पाच मिनिटांनी मी विसरूनच गेले. एक सिद्धता होती, मुलं नेहमी अडखळतात अशी. मी ती तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली, आणि मधल्या बाकावरच्या एका मुलाने "हांऽऽ" असा श्वास सोडला. त्याला कळलं होतं. तो "हांऽऽ" ऐकून मला जे वाटलं ते याआधी कधीच वाटलं नव्हतं. आपल्याला हे येतं. आपण यासाठीच आलोय.

तास संपल्यावर सर व्हरांड्यात थांबले होते.

"चांगलं शिकवता. मंग ते डिक्टेशन कामून?"

"सवय नव्हती सर, फळ्याची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं त्यांच्या लक्षात आलं असावं. आठवडाभर ते येत राहिले आणि मी आठवडाभर सुखात होते. मग त्यांनी प्राचार्यांना सांगितलं की मॅडमचं बराबर चाललंय, आणि यायचे बंद झाले.

त्या दिवशी मी वळल्याबरोबर आवाज आला. एक नाही, दोन बाजूंनी. जणू आठवडाभराचा उपास सोडत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी ठरवलं, सोडायचं. जालन्याला एखाद्या क्लासमध्ये शिकवू, नाहीतर गावी जाऊ. प्राचार्यांना सांगायचा धीर नव्हता म्हणून आधी सरांना सांगायला गेले. ते कोपऱ्यात मोसंबी सोलत बसले होते.

"सर, मी दिवाळीनंतर येणार नाही."

"दुसरीकडं लागलं का?"

"नाही."

"लग्न ठरलं?"

"नाही सर."

"मंग?"

मी सांगितलं. आवाज स्वतःच्या तोंडाने काढून दाखवणं मला जमलं नाही. "मेंढरासारखा" एवढंच म्हणाले. सर फोडी हातात धरून बसले.

"माझ्या तासाला असं कधी होत न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं उगीच बोलले. सगळ्यांसारखंच. म्हणजे दोष माझा. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी हात पुसले, डस्टर उचललं आणि म्हणाले, "चला."

दुपार झाली होती, वर्ग सुटले होते. शिपाई खिडक्या लावत होता, त्याला त्यांनी थांबवलं आणि मला त्याच लांबट खोलीत नेलं. "लिहा," म्हणाले आणि मागे जाऊन बसले. मी खडू घेतला, लिहायला लागले. मागून आवाज आला.

"बेंऽऽऽ."

सर? सरांनी काढला? ज्यांना अख्खं कॉलेज भितं ते सर?

"थांबू नका. लिहा." परत, "बेंऽऽऽ."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. माझी टिंगल करतोय की काय हा माणूस? तिसऱ्यांदा काढला तेव्हा मी वळले आणि तोंडातून निघून गेलं, "सर, मेंढरू असं ओरडत न्हाई! हे शेळीचं झालं!"

सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "मला काय माहीत. आमच्याकडं म्हशी होत्या."

मी हसले. ते हसले नाहीत. उठून फळ्यापाशी आले.

"तुम्ही फळा झाकून उभ्या राहता. बघा. फळा तुमचा न्हाई, त्यांचा हाये. असं आडवं उभं राह्यचं. एक खांदा भिंतीकडं, एक पोरांकडं. हात लांब करून लिहायचं. एक ओळ लिहिली की त्यांच्याकडं बघून वाचायची. मंग एक पाऊल सरकायचं. पूर्ण पाठ कधीच फिरवायची न्हाई."

आडवं उभं राहून लिहिलं की माझं अक्षर उताराला लागायचं. सुट्टी लागेपर्यंत रोज दुपारी आम्ही ती तालीम केली. सर वेगवेगळ्या बाकांवर बसायचे, मी लिहायची, ते आवाज काढायचे आणि विचारायचे, "कुठून आला?"

"खिडकीकडून. मधला बाक."

"बराबर. आता?"

शिपायाला काय वाटत असेल ते त्यालाच ठाऊक. तो खिडकीतून एकदा डोकावला आणि परत फिरकला नाही. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "दिवाळीनंतर एक महिना या. मंग सोडायचं तर सोडा. मी अडवणार न्हाई."

दिवाळीनंतर मी गेले. भीती जराही कमी झालेली नव्हती, फक्त उभं राहायचं कसं ते ठाऊक झालं होतं. एक खांदा भिंतीकडे, एक मुलांकडे. पहिली ओळ लिहिली, वाचली, सरकले. दुसरी लिहीत असताना आवाज आला. उजवीकडून, मागच्या बाकांवरून. आणि या वेळी मला वर्ग दिसत होता.

माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

मागची दोन पोरं आणि त्यांच्या पुढची दोघं बघत होती ती मुलींच्या बाजूला, दुसऱ्या बाकावर. तिथे एक मुलगी बसायची, काळीसावळी, घट्ट वेणी घातलेली, कधी काही न विचारणारी. तिची मान खाली होती. हातातला पेन तिने वहीवर इतका दाबला होता की बोटांची टोकं पांढरी दिसत होती. परत आवाज आला तेव्हा तिच्या शेजारची मुलगी थोडी बाजूला सरकली.

हजेरीपटावरचं तिचं आडनाव मी रोज वाचत होते. आमच्यातलंच आडनाव.

पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मला नव्हतं ते. इतके दिवस मला नव्हतंच. आणि ते हायसं वाटणं पुरतं उतरायच्या आत तिची ती पांढरी बोटं परत डोळ्यांत भरली. मग मी खडू ठेवला आणि प्लॅटफॉर्मवरून खाली उतरले. बाकांच्या मधून चालत शेवटपर्यंत गेले आणि त्या पोरांच्या शेजारी उभी राहिले. तिथूनच तोंडी उदाहरण सांगितलं, घंटा होईपर्यंत. कुणी आवाज काढला नाही. जाताना त्या मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पटकन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मी तिच्या शेजारणीला विचारलं.

"ती येणार न्हाई म्हणे मॅडम आता. मोबाईल बी बंद लागायलाय तिचा."

आपल्याकडे मुलगी अशी अचानक कॉलेज सोडते तेव्हा एक तर तिचं लग्न ठरलेलं असतं. दुसरी गोष्ट मी मनातसुद्धा पूर्ण उच्चारत नव्हते. पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात येते ती. कधी विष, कधी विहीर. मला स्वतःला सातवीत एकदा विहिरीच्या काठावर बसून काय वाटलं होतं ते मला आठवत होतं. आणि मी त्या दिवशी तिच्याकडे बघितलं होतं. आपली फजिती मॅडमनाही कळली असं तिला वाटलं असेल का? त्या एका नजरेने तर झालं नसेल ना सगळं?

सरांना सांगितलं. त्यांनी मोसंबी बाजूला ठेवली.

"ती? ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसते. सगळ्यात आधी उत्तर काढते." "मला कधी दिसलं न्हाई," म्हणाले. ऑफिसातून त्यांनी तिच्या गावाचं नाव काढून आणलं. कुंभार पिंपळगावच्या अलीकडचं एक खेडं. "उद्या रविवार हाये. एसटीनं जाऊ."

बस घनसावंगीपर्यंत भरलेली होती. पुढे मोकळी झाली तसे सर माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले, खिडकीबाहेर बघत. दोन्ही बाजूंना वेचणी चाललेला कापूस, मध्येच ऊस. ते मागे न वळताच बोलायला लागले.

"मॅडम, मला वर्गाची कधी भीती वाटली न्हाई. पहिल्या दिवसापासून न्हाई. पोरं मला भ्यायची. मला वाटायचं, हेच चांगलं शिकवणं. शांत वर्ग." बस खड्ड्यातून गेली, ते दांडीला धरून राहिले. "शांत वर्गात काहीच कळत न्हाई हो. इतकी वर्षं मी शिकवलं आणि कुणाचं काय चाललं होतं, मला ठाऊक न्हाई."

ते माझे मार्गदर्शक होते. त्यांना धीर देणं माझ्या वयाला शोभलं नसतं. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त विहीर होती.

खेड्यात उतरलो, घर विचारत गेलो. घराला कुलूप होतं. बाहेरून मोठं, नवं कुलूप. शेजारची बाई अंगणात ज्वारी निवडत होती.

"ती मंडळी मेंढरं घेऊन गेली रानात. शेत बसवायला." वेचणी झालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, ते.

"आणि पोरगी? कॉलेजला जाते ती?"

बाईने हात थांबवला. "पोरगी बी तिकडंच आसंल. दिसली न्हाई बा लई दिवस झालं. त्या थोरल्या हिरीकडच्या रानात बघा."

हीर म्हणजे विहीर. एवढा एकच शब्द मी ऐकला. उसाच्या कडेची पाऊलवाट होती, मी तिच्यावरून जवळजवळ पळतच निघाले. सर मागे राहिले, "मॅडम, सावकाश," म्हणत. उसाची पानं हाताला कापत होती. ऊस संपला आणि समोर विहिरीचा दगडी काठ आला. मी काठाशी जाऊन आत बघितलं. कशाला बघितलं ते मला आजही सांगता येणार नाही. पाणी खोल होतं, हिरवं, आणि त्यावर एक प्लॅस्टिकचा डबा तरंगत होता. दुसरं काही नव्हतं.

"मॅडम?"

पलीकडच्या रानात जाळी लावून मेंढरं बसवलेली, आणि जाळीशी ती उभी होती. हातात बादली. मी तिथेच काठावर खाली बसले.

तिच्या मागून तिची आई आली. एक हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. तोवर सरही पोचले. आम्ही कॉलेजातून आलोय म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं.

"काय केलं हो हिनं? काय चुकलं का?"

"काही चुकलं नाही," मी म्हणाले. "येत नाही म्हणून बघायला आलो."

"मी पडले ना बाई. हात मोडला. हिचा बाप मेंढरांच्या वाड्यामागं एकटा. मंग ही म्हणली, मीच ऱ्हाते."

मला वाटलं, एवढंच. इतकं साधं. पण आई चुलीकडे गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "हाताचं निमित्त झालं मॅडम. मला यायचंच नव्हतं."

"त्या आवाजामुळं?"

तिने चमकून बघितलं. "तुम्हाला ऐकू येतं?"

"म्हणजे?"

"मला वाटलं तुम्हाला कमी ऐकू येत आसंल. कधीच काही बोलल्या न्हाईत. पोरी बी तसंच म्हणायच्या, मॅडमच्या कानाचं कायतरी हाये."

मी म्हणाले, "मला वाटलं ते माझ्यासाठी काढतात."

"तुमच्यासाठी कामून?"

"माझा बाप पण मेंढरंच राखायचा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. आडनाव तिने पहिल्याच तासाला ऐकलं होतं, पण प्लॅटफॉर्मवरची बाई आपल्यातली असेल असं तिला कधी वाटलंच नसावं. साडी, पर्स, चष्मा, सगळं परत एकदा नव्याने बघितल्यासारखं. आईच्या कानावर ते गेलं होतं. ती चुलीपासून ओरडली, "कोणत्या गावच्या हो तुम्ही?" मग गाव निघालं, माझ्या आत्याच्या सासरचं कुणीतरी तिच्या माहेरच्या ओळखीचं निघालं, आणि शेळीच्या दुधाचा चहा झाला. सर मेंढरांच्या मधोमध उभे होते. एक मेंढरू त्यांच्या पँटीचं टोक चघळत होतं आणि ते हलत नव्हते.

"माझ्या तासाला बी होतं का गं असं?" त्यांनी मुलीला विचारलं.

ती त्यांना भ्यायचीच. खाली बघून म्हणाली, "तुमच्या तासाला न्हाई सर. तास सुटला की पायऱ्यांवर होतं."

सरांनी मान हलवली. येते की नाही हे तिने सांगितलं नाही. आई म्हणाली, प्लॅस्टर निघालं की धाडते.

सोमवारच्या तासाइतकी मी आयुष्यात कशालाच भ्याले नाही. रात्री ठरवलेलं भाषण वर्गात शिरताच गेलं. मी प्लॅटफॉर्मच्या कडेला उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघाली ती घरची भाषा.

"तुम्ही जो आवाज काढता ना मागून, तो जिच्यासाठी काढता ती आज न्हाई. मी हाये. मी बी धनगराचीच हाये. माझ्या बापानं मेंढरं राखून मला शिकवलं, म्हणून मी इथं हाये. आता मी तुमच्याकडं तोंड करून उभी हाये. ज्याला काढायचा त्यानं काढा."

कुणीच काढला नाही. ती शांतता चांगली होती की वाईट ते कळत नव्हतं. आता हसतील, आता सगळे मिळून काढतील, असं वाटत मी उभी होते, आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. मागून एक पोरगा फार हळू "सॉरी मॅडम" म्हणाला. त्याच्या शेजारचा फिसकन हसला. मी फळ्याकडे सरकले आणि उदाहरण लिहायला घेतलं. अक्षर त्या दिवशी कुणालाही लागलं नसेल.

एका भाषणाने काही संपत नाही. त्याच आठवड्यात आवाज परत आला, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून खेकसली, "गप ना रे!" नंतर अजून एकदा आला. मग थांबला. माझ्या बोलण्याने थांबला, की परीक्षा जवळ आली म्हणून, की सरांमुळे, सांगता येणार नाही. कारण सरांनी एक नवीन काम सुरू केलं होतं. स्वतःचा तास संपला की ते स्टाफरूमला जात नसत. डस्टर घेऊन पायऱ्यांवर उभे राहायचे, पुढचा तास सुरू होईपर्यंत. कुणाला रागवायचे नाहीत. एखाद्याला थांबवून विचारायचे, "तू कोणत्या गावचा रे? घरी कोण असतं?" पोरं आधी फार बावचळली. शिस्त लावायचं हे काहीतरी नवं तंत्र आहे असं त्यांना वाटलं.

प्लॅस्टर निघाल्यावर ती आली. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकावर बसली नाही, थेट शेवटच्या बाकावर गेली, त्या पोरांच्याही मागे. मी काही म्हणाले नाही. महिनाभराने आपणच पुढे आली.

सर त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. जूनमध्ये माझी परत मुलाखत झाली, परत बोलावलं. तेव्हापासून दर जूनला तेच चाललंय. बोलावतात, पण बोलावेपर्यंत माझी झोप उडालेली असते. नव्या वर्गात पहिली ओळ लिहिताना पाठ अजून ताठते. मध्ये आमच्या एका प्रशिक्षणात कुणीतरी विचारलं, तुम्ही तुमच्या नोकरीत समाधानी आहात का, हात वर करा. मी हात अर्धा वर केला आणि शेजारच्या मॅडम माझ्याकडे बघून हसल्या.

ती मुलगी तिसरं वर्ष झाल्यावर मार्कशीट घेऊन आली. एम.एस्सी.ला संभाजीनगरला जायचं म्हणाली, मी शिकले तिथेच. घरचे तयार होते, आई जरा कुरकुरत होती. आम्ही कँटीनच्या ओट्यावर बसून चहा घेतला.

"मॅडम, मी पण शिकवायचंच म्हणते पुढं," ती म्हणाली. "तुम्हाला आवडतं का हे काम? खरं सांगा."

"आवडतं," मी म्हणाले. "भीती वाटते, तरी आवडतं."

"अजून वाटते?"

"अजून."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "बरं. आणि हॉस्टेलला गरम पाणी असतं का हो? आई तेच विचारून राह्यली सारखं."

मी तिला सांगितलं की सकाळी लवकर उठलं तर मिळतं.